वळणाच्या अलीकडे उभे राहून

इतिहासाचे पाठ्यपुस्तक बदलले की आपल्याकडे वाद पेटतो, आणि दरवेळी तो एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो: कोणती घटना ठेवली, कोणती काढली, कोणाला किती पाने मिळाली? २०२३ साली एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचे प्रकरण गेले तेव्हाही हेच झाले. एक बाजू म्हणाली, आमचा इतिहास पुसला जातोय. दुसरी म्हणाली, आमच्या इतिहासाला आता कुठे जागा मिळतेय. राहिलेली प्रकरणे वर्गात कशी शिकवली जातात, हे दोन्हीकडच्या कोणी विचारले नाही. राष्ट्राच्या आयुष्यातले निर्णायक क्षण म्हणजे सन्मानाच्या खुर्च्या, आणि भांडायचे ते फक्त त्यांवर कोणाला बसवायचे यावर, हे दोघांनी न बोलता मान्य करून टाकले होते.

मला हे गृहीतकच मान्य नाही. एखादी घटना वळण ठरली असे म्हणणे हा कार्यकारणाबद्दलचा दावा असतो. ती घडली नसती किंवा वेगळी घडली असती, तर पुढचे बरेच काही वेगळे झाले असते, असा तो दावा. दावा आला की पुरावा मागावा लागतो, उलटतपासणी करावी लागते आणि प्रसंगी तो मागेही घ्यावा लागतो. आपण मात्र वळणे पाठ करून घेतो. त्यामुळे मुलांना तारीख येते, विजेता येतो, पराभवाची पाच कारणे येतात. त्या दिवशी माणसांपुढे कोणकोणत्या वाटा मोकळ्या होत्या, हे मात्र कळत नाही. वळण समजून घ्यायचे तर त्याच्या अलीकडे, पुढचे काही ठाऊक नसलेल्या माणसांमध्ये उभे राहावे लागते. मग त्याच्या पलीकडे वीस-तीस वर्षे चालत जाऊन रस्ता खरोखर वळला का, हे पाहावे लागते. यातले काहीच करायचे नसेल तर धड्यात कोणते युद्ध आहे याने फारसा फरक पडत नाही.

मराठी माणसाच्या मनात सर्वांत खोल रुतलेले वळण म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१ ही तारीख विसरता येत नाही, आणि ती विसरावी असे मी म्हणतही नाही. पण आपण पानिपत त्या दिवसाच्या सकाळी सुरू करतो आणि संध्याकाळी संपवतो. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ अंबारीतून उतरले, होळकर निघून गेले, आणि मग दोष कोणाचा यावर पिढ्यान्‌पिढ्या पंचायत. जरा मागे या. ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, पण फौजेचा खर्च भागेना म्हणून दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. म्हणजे लढाईच्या पाच महिने आधीच पैशाची ओढ गळ्याशी आली होती. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला आणि तिथले धान्य हाती आले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. डिसेंबरात अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या प्रदेशातून, शत्रूची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. फौजेबरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती, यात्रेकरू होते, बायका-मुले होती. चौदा जानेवारीला मराठे छावणीबाहेर पडले ते उपासमार असह्य झाली म्हणून. मग वळण नेमके कुठे होते? रणांगणावर, की बागपतच्या उतारावर? की त्याहून मागे, उत्तरेत एकही भरवशाचा मित्र उरू न देणाऱ्या दहा वर्षांच्या राजकारणात? सूरजमल जाट लढाईआधीच बाजूला झाला आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. या दोन गोष्टी रणांगणावरच्या शौर्याने भरून निघणाऱ्या नव्हत्या.

आता पलीकडे चला. पानिपताने एक अख्खी पिढी कापली आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. गादीवर आलेले माधवराव सोळा वर्षांचे होते. पानिपतानंतर मराठेशाही संपली असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या, आणि १७७२ च्या जानेवारीत मुघल बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. जे अकरा वर्षांत इतके भरून आले ते शेवटाचे वळण कसे? ग्रँट डफसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यानेही लिहून ठेवले आहे की मराठी राज्याला माधवरावांचा अकाली मृत्यू पानिपताइतकाच घातक ठरला. माझे मत त्याच्याही एक पाऊल पुढचे आहे. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव गेले, ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. या अडीच वर्षांत घराच्या भांडणाचा निवाडा करायला परक्याला बोलावण्याचा पायंडा पडला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तोच गिरवला, आणि तेव्हा मात्र परतीची वाट उरली नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे कोणी दाखवून दिले तर मला आवडेल. पण दाखवून द्यायला त्याला पुरावा काढावा लागेल, आणि मला हवे आहे ते नेमके हेच.

बंगालची गोष्टही अशीच आहे. २३ जून १७५७ ची प्लासी प्रत्येकाला पाठ असते, कारण तिच्यात मीर जाफर आहे, आणि फितुरी लक्षात ठेवायला सोपी जाते. पण प्लासीनंतर कंपनी राजा झाली नव्हती, राजा बसवणारी झाली होती. १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सारला तिने बंगालचा पदच्युत नवाब मीर कासीम, शुजाउद्दौला आणि शाहआलम या तिघांच्या फौजांना एकत्र हरवले. त्यातला शुजा पावणेचार वर्षांपूर्वीच पानिपतावर विजयी बाजूला उभा होता. हे दोन धडे पुस्तकात वेगळे पडतात म्हणून ही संगती विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते. आणि मग आले १२ ऑगस्ट १७६५. अलाहाबादला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, कंपनीला मिळाली. ना तोफ, ना रणांगण, फक्त एक फर्मान. पण तोवर माल घ्यायला इंग्लंडहून चांदी आणणारी कंपनी आता इथल्याच महसुलातून माल घेऊ लागली आणि इथल्याच महसुलावर शिपाई पोसू लागली. पाच वर्षांत बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात एक तृतीयांश माणसे मेल्याचा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने कळवला होता. त्या काळातही वसुली कसोशीने चालू ठेवली गेली. यातले खरे वळण कोणते, हा प्रश्न वर्गात एकदा मोकळा सोडून पाहा. तीन तारखा पाठ करून जे समजत नाही ते अर्ध्या तासाच्या वादातून समजेल.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. वळण वगैरे काही नसते, ते म्हणतात. जमीन, पाऊस, महसूल, जात, व्यापार, तंत्र यांचे संथ प्रवाह इतिहास घडवतात. लढाया आणि तह हा वरचा फेस. यातले बरेचसे खरे आहे. १९९१ च्या जुलैमध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, सोने परदेशी बँकेत गहाण पडले आणि २४ जुलैला तो प्रसिद्ध अर्थसंकल्प आला, म्हणून आपण त्या वर्षाला वळण म्हणतो. पण परवाना पद्धत सैल करण्याची पावले ऐंशीच्या दशकातच पडू लागली होती आणि कर्जाचा डोंगरही त्याच दशकात वाढला होता. संथ प्रवाह न पाहता १९९१ शिकवणे म्हणजे अर्धेच शिकवणे, हे मी मान्य करतो.

पण संथ प्रवाह काय शक्य आहे एवढेच ठरवतात. शक्य असलेल्यांपैकी काय होणार, हे अनेकदा मूठभर माणसे थोड्या दिवसांत ठरवतात. फाळणीमागे दशकांचे राजकारण होते, हे कोण नाकारेल? तरीही २० फेब्रुवारी १९४७ ला ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतरासाठी जून १९४८ पर्यंतची मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी ती दहा महिन्यांनी अलीकडे ओढली. सीमा आखणारे रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता. त्यांना पाच आठवडे मिळाले, आणि त्यांचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. स्वातंत्र्य मिळून दोन दिवस होईपर्यंत पंजाब आणि बंगालमधल्या कित्येक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे अधिकृतपणे माहीत नव्हते. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. फाळणी टळली असती का, यावर मतभेद राहतील. पण ती याच रीतीने, याच घाईत, पोलीस आणि सैन्याची वाटणी अर्धवट असतानाच व्हायला हवी होती, असे कोणता संथ प्रवाह सांगतो? ती घाई हा निर्णय होता. तो कोणीतरी घेतला आणि इतर काहींनी मान्य केला. निर्णयांचा अभ्यास सोडला की जबाबदारीचा प्रश्नच विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे पटत नाही. लोक म्हणतात, राष्ट्राला सामाईक आठवण लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी अभिमान वाटू द्या, संशय नंतर शिकवा. सामाईक आठवण लागते हे खरेच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की उलटतपासणीने अभिमान कमी होतो हे कोणी ठरवले? १६८९ घ्या. मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली, वर्ष संपायच्या आत रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मुघलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या छावणीतल्या कोणत्याही शहाण्या माणसाने त्या दिवशी दख्खनचा प्रश्न मिटला असेच म्हटले असते. शेवट लिहायला याहून योग्य क्षण सापडला नसता. तो शेवट झाला नाही. राजाराम जिंजीला गेले, रामचंद्रपंत अमात्यांनी इकडची बाजू धरली, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मुघल फौजांना झोप लागू देईनात, आणि १७०० नंतर ताराबाईंनी ते युद्ध चालवले. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला, पण दख्खन त्याच्या हाती आला नव्हता. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, तरी राज्य कसे टिकले? वतनाच्या आशेने किती जण लढले, शिवाजी महाराजांनी उभी केलेली कोणती व्यवस्था कामी आली, मुघल बाजूची रसद कुठे तुटली? हे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला जो अभिमान वाटेल तो घोषणेने आलेल्या अभिमानापेक्षा जास्त टिकेल. न आलेले वळण आपण शिकवतच नाही, आणि माझ्या मते आपल्या इतिहास-शिक्षणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

उलट, वळणाची सोयीस्कर गोष्ट सांगत राहिले की काय होते ते जर्मनीने दाखवले. २९ सप्टेंबर १९१८ ला युद्धबंदीची मागणी करा असे सरकारला सांगणारा होता सेनापती लुडेनडॉर्फ. सैन्य हरत होते आणि हे सर्वोच्च सेनानींना माहीत होते. पण सह्या करायला पुढे आले नागरी राजकारणी, आणि पुढच्याच वर्षी हिंडेनबुर्ग संसदेच्या चौकशी समितीपुढे म्हणाला की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. हरलो ते रणांगणावर नाही, घरच्या फितुरांमुळे, ही कथा घरोघर पोचली. कोण फितूर, याचे उत्तर आधी समाजवादी होते, मग ज्यू. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्यांनी याच कथेच्या बळावर मते गोळा केली होती. पराभवाचा खरा हिशेब मांडायला नको म्हणून गद्दार शोधायचा, ही सवय फक्त जर्मनांची नाही. पानिपतावर चर्चा निघाली की आपण पहिल्या पाच मिनिटांत मल्हाररावांपर्यंत किंवा सूरजमलपर्यंत पोचतो आणि चांदीच्या छतापर्यंत कधीच पोचत नाही, याची मला काळजी वाटते.

तिसरा आक्षेप असा: सगळेच तपासायला मोकळे सोडले तर खोटेही खऱ्याच्या पंक्तीला बसेल. भीती रास्त आहे, कारण आज वाटेल तो दावा ‘हाही एक दृष्टिकोन’ म्हणून खपवला जातो. पण हा आक्षेप तपासणीवरचा नाही, तपासणीच्या अभावावरचा आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तो पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा. बखरींवर विसंबून राहता येत नाही, कारण त्या मागाहून लिहिलेल्या, ऐकीव आणि अतिशयोक्त असतात. त्या त्या दिवसाचे पत्र हाती आले की बखर त्याच्याशी ताडून पाहायची, ही शिस्त त्यांनी घालून दिली. राजवाड्यांच्या निष्कर्षांपैकी अनेक आज कोणी मानत नाही, पण ती शिस्त टिकली. प्रश्न विचारायला मोकळीक आणि उत्तर द्यायला कागदाची अट, या दोन गोष्टी एकत्र असल्या की खोटे फार काळ टिकत नाही.

अजून एक गोष्ट मला या वादात दोन्ही बाजूंकडून हवी आहे. आपली वळणे बहुतेक सगळी तलवारीची किंवा तहाची का असतात? १८५७ च्या मे महिन्यात मेरठला शिपायांनी बंदुका उचलल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. उठाव चिरडला गेला, कंपनीचे राज्य राणीकडे गेले. पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या सभा, वर्तमानपत्रे, अर्जविनंत्या, सुधारणेचे वाद आणि १८८५ ची मुंबईतली काँग्रेसची पहिली बैठक यांतली माणसे कुठून आली? दोन्ही वळणे खरी आहेत, आणि एकाच वर्षातली आहेत. पाठ्यपुस्तकात मात्र एकाला प्रकरण मिळते आणि दुसऱ्याला एक ओळ. त्याआधी १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हाच्या कोणत्याही दरबाराने तिची वळण म्हणून नोंद केली नसती.

महाडचे उदाहरण तर अभ्यासासाठी अप्रतिम आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, एवढे आपल्याला माहीत असते. पण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता, तळ्यावर नव्हता. पाणी घेतल्यावर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाला लोक जमले तेव्हा सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली होती. आंबेडकरांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम थांबवला, पण मनुस्मृती जाळली. खटला चालत राहिला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. वळण यांतले कोणते? माझे उत्तर १९२७ असेच आहे, कारण हक्क मिळण्याची वाट न पाहता तो वापरायचा, हा निर्णय त्या दिवशी हजारोंनी मिळून घेतला. पण १९२३ आणि १९३७ वगळून ते उत्तर दिले तर कायद्याची ताकदही कळत नाही आणि त्याची मर्यादाही.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा, आणि मला तो सर्वांत जड वाटतो. साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला मोजके तास, वर परीक्षा. यात उलटतपासणी कशी बसवायची? या अडचणीवर ‘शिक्षकांनी कल्पक व्हावे’ हे उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते. उत्तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी द्यायला हवे: घटना कमी करा. वर्षाला तीस वळणे ओझरती शिकवण्यापेक्षा चार खोलवर शिकवा आणि उरलेली वाचनासाठी ठेवा. प्रश्नपत्रिकेत ‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ याऐवजी त्या काळातली दोन पत्रे द्या, एक मराठी बाजूचे, एक समोरच्या बाजूचे, आणि विचारा की कोणते विधान कोणत्या पत्राने सिद्ध होते आणि कोणते नाही. काढलेल्या प्रकरणांचे काय, असे कोणी विचारेल. मुघल दरबार काढणे मला चुकीचे वाटते, कारण दिवाणी म्हणजे काय, शाहआलमच्या एका फर्मानाला एवढी किंमत का होती आणि महादजींना दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद का हवे होते, यातले काहीही त्या दरबाराशिवाय समजत नाही. मराठ्यांचा इतिहास नीट शिकवायचा असेल तरी ते प्रकरण लागते.

आणि ती पत्रे कुठून आणायची? ती आहेत. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३०च्या आसपासच छापून झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि त्यातले फार थोडे छापले गेले आहेत. बहुतेक सगळे मोडीत आहेत, आणि मोडी सराईतपणे वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. पाठ्यपुस्तकातल्या पानांसाठी मोर्चे काढणाऱ्या दोन्ही बाजूंना माझे सांगणे आहे की एकदा या कागदांसाठी सरकारकडे मागणी करा: मोडी वाचकांच्या कायम जागा, कागदांचे छायाचित्रण, शाळांसाठी निवडक पत्रांच्या स्वस्त पुस्तिका. त्यातली काही पत्रे तुमच्या बाजूची निघतील, काही निघणार नाहीत.